रात्री भिजवलेली तीन अंजिरं

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या कडेच्या खिळ्याला, अंजिरांची माळ टांगलेली असायची. जाड दोऱ्यात ओवलेली, दाबून चपटी झालेली, मातकट रंगाची पंचवीस-तीस अंजिरं. लग्न होऊन बडोद्याला दांडिया बाजारातल्या त्या घरात आले, तेव्हा पहिल्या दिवशी ती माळ पाहून मला वाटलं, हे कुणाच्या तरी नवसाचं असावं. ते अंजीर आहे हे मला ओळखूच आलं नाही. आणि माझं माहेर तर सासवडजवळचं, दिवे घाट चढून वर गेलं की लागणारं. घरामागे अंजिराची चाळीस झाडं होती.

माहेरी अंजीर म्हणजे ओलं अंजीर. दुसरं अंजीर असतं हे कानावर होतं, पण ते आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचं, पुडीत बांधलेलं. आमची तोडणी उजाडायच्या आत सुरू व्हायची. अंजीर झाडावरून उतरवलं की पुढे पिकत नाही, आंब्यासारखं अढीत घालून भागत नाही, म्हणून झाडावरच पूर्ण पिकू द्यावं लागतं आणि पिकलं की त्याच दिवशी काढावं लागतं. पिकल्याची खूण रंगापेक्षा मानेत असते. कच्चं फळ देठावर ताठ उभं राहतं, पिकलेलं मान टाकतं. "मान टाकलेलं तेवढंच घे," असं वडील दर पहाटे सांगायचे, आम्हाला पाठ असलं तरी. पानं खरखरीत, देठातून पांढरा चीक. लांब बाह्यांचे जुने सदरे घालून, हाताला खोबरेल चोपडूनही मनगटं खाजायची. एकसारखी, निबर सालीची फळं पेटीत पानांवर रचली जायची आणि पुण्याला जायची. फुटलेलं, बुलबुलानं टोचलेलं फळ घरचं. त्यामुळे मी लहानपणी अखंड अंजीर फारसं खाल्लं नाही, पण सगळ्यात गोड अंजिरं खाल्ली. पक्ष्याला आपल्याआधी कळतं.

वर्षाला दोन बहार. थंडीतला खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडाचा मीठा. मीठा बहार म्हणजे खरं अंजीर, असं आमच्याकडे मानतात आणि मी अजूनही मानते. 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावाचा फोन आला होता. वडील तेव्हा नव्हते.

तर अशी मी, आणि समोर ती माळ. सासूबाईंचं ठाम मत होतं की ओल्या अंजिरात नुसतं पाणी, कस सगळा सुक्यात. माझं मत होतं की सुकं म्हणजे शिळं. दोघींनीही ते पहिली दोन वर्षं एकमेकींना बोलून दाखवलं नाही. मी मीठ्या बहाराच्या दिवसांत माहेराहून आलेली पेटी उघडायचे, त्या एक फळ तोंडात टाकून "छान आहे" म्हणायच्या आणि रात्री माळेतली तीन अंजिरं सोडवून वाटीत भिजत घालायच्या.

पुढे सासूबाईंनीच हट्ट धरून मला महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत घातलं. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, एक बाई होत्या, तिथे आपली सून शिकते याचा त्यांना फार अभिमान होता. तिथे अन्नपोषणाच्या तासाला तक्ते समोर आले आणि मी आधी अंजिराचं पान उघडलं. आकडे तक्त्यागणिक थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र तेच राहतं. शंभर ग्रॅम ओल्या अंजिरात साधारण 79 ग्रॅम पाणी. उरलेल्यात 16 ग्रॅम साखर, 3 ग्रॅमच्या आतबाहेर तंतू, 35 मिलिग्रॅम कॅल्शियम, 232 मिलिग्रॅम पोटॅशियम, 74 कॅलरी. तेवढ्याच वजनाच्या सुक्या अंजिरात पाणी जेमतेम 30 ग्रॅम, साखर 48, तंतू जवळजवळ 10, कॅल्शियम 162, पोटॅशियम 680, आणि 249 कॅलरी. म्हणजे वाळल्यानं नवं काही येत नाही. पाणी उडून जातं आणि आहे ते दाटतं, कढईतल्या बासुंदीसारखं. सासूबाई आकड्यांपुरत्या बरोबर होत्या. शंभर ग्रॅम ओली अंजिरं म्हणजे दोन-तीन फळं, माणूस सहज खातो आणि पोट तृप्त होतं. शंभर ग्रॅम सुकी म्हणजे सहा-सात, आणि ती खायची नसतात. हे मी बरोबर असण्याचं कारण.

कॅल्शियमचा आकडा मला त्या वेळी फार आवडला होता. गाईच्या दुधात शंभर ग्रॅमला 120च्या आसपास, आणि सुक्या अंजिरात त्याहून जास्त. पण दूध आपण पेलाभर पितो, अंजीर तीन खातो. असे तक्ते वाचताना पान जेवढं सांगतं तेवढंच ताट सांगत नाही, हे शिकायला मला वेळ लागला.

ताटाचं खरं गणित मला 1994 साली कळलं. पाचवा महिना होता. हिमोग्लोबिन साडेआठ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, दिवसाला दोन. त्या गोळ्यांनी माझं पोट धरलं. चार-चार दिवस साफ होईना, मळमळ, छातीत जळजळ, तोंडाला कायम जुन्या खिळ्याची चव. पंधरा दिवसांनी मी गोळ्या घ्यायचं गुपचूप सोडलं. पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं. पोषण शिकलेली मुलगी, आणि हे केलं. आज त्याची लाज वाटते, पण बायका असं करतात, अजूनही करतात, आणि त्यांच्यावर ओरडणाऱ्यांनी ती गोळी आठवडाभर घेऊन पाहावी.

सासूबाईंना कळलं कसं ते मला माहीत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. माळेतली तीन अंजिरं रात्री वाटीत पडायची ती आता दोन वाट्यांत पडू लागली, एक सासऱ्यांची आणि एक माझी. पहाटे त्या उशाशी वाटी ठेवायच्या. "चावून खा. आणि ते पाणी टाकू नको, पिऊन टाक. रक्त वाढतं." मग तासाभरानं हातात गोळी आणि लिंबू पिळलेलं पाणी. चहा नंतर, बऱ्याच उशिरानं, ती अट मात्र माझी होती. चहातले घटक लोह शोषू देत नाहीत आणि लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं, हे मी वर्गातून आणलेलं ज्ञान. त्यांनी कसलाही वाद न घालता ते पाळलं, आणि आठ दिवसांत पोट मोकळं व्हायला लागलं.

नववा महिना लागला तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहावर होतं. घरात आणि शेजारात एकच निकाल लागला: अंजिरानं रक्त भरलं.

मला ते राहवेना. बाळंतपण झालं, बाळाला सव्वा महिना झाला, आणि एका दुपारी मी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर माळेतली तीन अंजिरं ठेवली. 46 ग्रॅम. वही काढून गणित मांडलं. शंभर ग्रॅमला 2 मिलिग्रॅम लोह, तर तीन अंजिरांत एकाहूनही कमी. स्त्रीची रोजची गरज 2020च्या भारतीय शिफारशीत 29 मिलिग्रॅम सांगितली आहे, आणि वनस्पतीतलं लोह शरीर शोषतं तेही थोडंच. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं अंजिरातून मिळवायचं तर रोज तीन किलो सुकी अंजिरं खावी लागतील. मी वही सासूबाईंसमोर धरली. वाद घालायचा म्हणून नाही, खरंच सांगायचं होतं. की आई, रक्त अंजिरानं नाही वाढलं, गोळ्यांनी वाढलं.

त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. मग वही परत दिली आणि म्हणाल्या, "मग गोळ्या तू कशाच्या जोरावर घेतल्यास?"

मी तीस वर्षं हा विषय वाचते आहे. लोकांना आहार सांगते आहे. त्या प्रश्नाइतकं नेमकं उत्तर मला कुठे मिळालं नाही. त्या 46 ग्रॅम अंजिरांत लोह नावापुरतंच होतं, पण साडेचार ग्रॅम तंतू होते. काही तंतू पाण्यात फुगून मऊ लगदा होणारे, काही न विरघळता आतड्याला हलकेच ढकलणारे, आणि शिवाय त्या शेकडो बारीक बिया. त्यानं पोट चालू राहिलं. पोट चालू राहिलं म्हणून गोळी सोसली. गोळी सोसली म्हणून रक्त वाढलं. "अंजिरानं रक्त वाढतं" हे वाक्य मधल्या दोन पायऱ्या गाळून सांगितलं गेलं आहे, एवढंच. आता माझ्याकडे अशक्तपणा असलेली मुलगी आली की मी तिला अंजीर गोळीच्या ऐवजी देत नाही, गोळीच्या सोबतीला देते. आणि पहिल्यांदा विचारते, पोट साफ होतं का?

भिजवण्याविषयीही सांगते, कारण मोबाइलवर याबद्दल फार काही फिरत असतं. भिजवल्यानं अंजिरात कसलीही शक्ती दुप्पट होत नाही. ते मऊ होतं, पाणी धरतं, म्हाताऱ्या दातांना चावता येतं, आणि पहाटे एक वाटी पाणी पोटात जातं, जे तंतूंना कामाला लागण्यासाठी हवंच असतं. थोडी साखर आणि पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, म्हणून पाणी टाकायचं नाही. सासूबाईंचं "पाणी पिऊन टाक" हे अर्धं औषध होतं.

भिजवण्याआधी त्या एक गोष्ट न चुकता करायच्या. प्रत्येक अंजीर दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फाडून खिडकीच्या उजेडात धरायच्या. अळी, जाळं, काळी बुरशी. संशय आला की बाजूला. सासरे म्हणायचे, उंबर फोडून केंबरं कशाला काढतेस? त्या म्हणायच्या, केंबरं आहेत म्हणूनच फोडायचं.

त्या फाडलेल्या अंजिरात काय दिसतं ते मी त्यांना एकदा वर्गातून शिकून येऊन सांगितलं होतं. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतून पोकळ, मांसल पिशवी. तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो फुलं असतात, बाहेर कधीही न उमलणारी. ज्याला आपण बी म्हणून चावतो ते त्यातल्या एकेका फुलाचं फळ. उंबराचं तसंच, वडाचं, पिंपळाचं तसंच. ही सगळी एकाच कुळाची आणि एकाच प्रजातीगटातली झाडं, साडेसातशेहून अधिक जातींची. भेटणं दुर्मिळ झालेल्या माणसाला आपण "उंबराचं फूल" म्हणतो. ते फूल दुर्मिळ नाहीच. उंबर खाणाऱ्या प्रत्येकानं ते मूठमूठ खाल्लं आहे. सासूबाईंनी हे ऐकून अंजीर पुन्हा उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "आणि ही फुलं फळतात कशी, आत वारा नाही, भुंगा नाही?"

भुंगा नसतो, पण एक चिमुकली गांधीलमाशी असते, डासाहून लहान. फळाच्या टोकाला असलेल्या छिद्रातून ती आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख गळून पडतात, आतल्या फुलांवर पराग टाकते आणि तिथेच मरते. तुर्कस्तानातली नावाजलेली स्मर्ना अंजिरं तिच्याशिवाय धरतच नाहीत. 1880च्या दशकात कॅलिफोर्नियात ती झाडं लावली तर फळं पिकण्याआधीच गळून पडायची. 1899 साली ही माशी तिथे नेऊन वसवली तेव्हा बागा धरल्या. आमचं पुरंदरचं अंजीर मात्र वेगळ्या स्वभावाचं. त्याला परागाची गरज नाही, माशीची नाही, ते आपल्याआप धरतं.

हे सगळं महत्त्वाचं वाटायचं आणखी एक कारण होतं. आमच्या शेजारच्या मासी जैन. पहिल्या वर्षी मी माहेरच्या अंजिरांची वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले, तर त्यांनी वाटी हातात घेतली, कपाळाला लावली आणि प्रेमानं परत दिली. "अमे अंजीर नथी खाता, बेटा." मला वाईट वाटलं होतं. वड, पिंपळ, उंबर, पाकर अशा फळांना त्यांच्याकडे उदुंबर म्हणून वर्ज्य केलेलं आहे, कारण त्यात जीव असतात. पुढे माशीची गोष्ट वाचली तेव्हा मी थक्क झाले. भिंग नसताना, केवळ फळ फोडून आणि निरखून, कुणीतरी किती शतकांपूर्वी हे पाहून ठेवलं होतं. मी मासींना सांगितलं की आमच्या झाडाला माशी लागत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या की चांगलं आहे, पण नेम तो नेम. त्या वर्षापासून त्यांच्या दारात मी सीताफळं नेते, तीही पुरंदरचीच.

या गावात राहून अंजिराच्या गोत्राविषयी लिहायचं आणि वडाचं नाव घ्यायचं नाही हे बरं दिसणार नाही. बडोदे हे नावच वडावरून आलेलं. इ.स. 812च्या ताम्रपटात याला वटपद्रक म्हटलं आहे. वडोदरा म्हणजे वडाच्या पोटातलं गाव असंही लोक फोड करून सांगतात. ज्येष्ठात आम्ही मराठी बायका वडाला सूत गुंडाळतो तेव्हा झाडाखाली लाल वडफळांचा सडा पडलेला असतो, पायाखाली फुटतो, आणि माझं लक्ष दर वेळी त्याच्यावर जातं. फोडलं की आत तीच रचना, अंजिराचीच, फक्त वाटाण्याएवढी.

आणि उंबर. बडोद्याच्या मराठी माणसाचा पाय कधी ना कधी गरुडेश्वरला लागतो, नर्मदेकाठी, टेंबे स्वामींच्या समाधीपाशी. 1914 साली त्यांनी तिथे देह ठेवला. जिथे दत्त तिथे औदुंबर, हे कुणी शिकवावं लागत नाही. सासूबाई उंबराखाली बसून कथा सांगायच्या: हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह सुरू झाला, काही केल्या शमेना, तेव्हा लक्ष्मीनं उंबराची फळं आणली आणि त्यांत नखं खुपसल्यावर आग थंडावली. म्हणून या झाडाला वर मिळाला. मी ही कथा शंभरदा ऐकली असेन. मग एकदा वाचनात आलं की ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात हिज्कीया नावाच्या राजाला जीवघेणं गळू झालं होतं आणि त्यावर अंजिरांचा लगदा बांधून तो बरा झाला. कुठे जेरुसलेम आणि कुठे नर्मदाकाठ. दोन सख्खी चुलत झाडं, आणि दोन्ही कथांत ती दाहावर, जखमेवर लावण्याची वस्तू. आमच्याकडेही गळवावर कोमट अंजिराचं पोटीस बांधायची पद्धत होती. ते गळू पिकवतं आणि मऊ ठेवतं, ऊब धरतं. जंतू मारत असेल असं मी म्हणणार नाही. पू झालेल्या गळवाला आज डॉक्टर दाखवावा.

चिकाविषयी मात्र सावध करायलाच हवं. अंजिराचा चीक चामखिळीवर लावायचा उपाय माहेरी सर्रास होता. माझ्या मावशीची चामखीळ गेलीही. पण त्या चिकात त्वचा पोळणारे घटक असतात, आणि असे पदार्थही असतात की ते अंगाला लागून उन्हात गेलं तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात. तोडणीच्या दिवसांत ऊन चढायच्या आत काम संपवायचा वडिलांचा आग्रह फक्त फळासाठी नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. मुलांच्या चेहऱ्यावर तर हा प्रयोग मुळीच करू नये. याच चिकात फायसिन नावाचं विकर असतं, प्रथिनं तोडणारं. प्राचीन ग्रीक लोक चीज करायला त्यानंच दूध धरवायचे. मी एकदा कोमट दुधात कच्च्या फळाच्या देठाचा चीक चार थेंब पाडून पाहिला. थोड्या वेळात दूध धरलं, दह्यासारखं आंबट न होता. सासूबाईंनी ते चाखून पाहायला साफ नकार दिला.

त्यांचं अंजीर ते सुकं अंजीर, आणि ते दुकानातून यायचं. हातीखान्यातल्या एका जुन्या पेढीवर त्या स्वतः जायच्या. माळ सोडून, दोन अंजिरं बोटांत दाबून, वास घेऊन मगच भाव. अंजीर दाबलं तर दबलं पाहिजे, तडकलं नाही पाहिजे. गंध मधाचा हवा, आंबूस नको. ही माळेतली अंजिरं अफगाणिस्तानची. कंदाहारकडची बाग, तिथलं ऊन. शब्दही तिकडूनच आलेला, फारसीतून. ओवायची पद्धत आपण बदललेली नाही आणि ते बरं झालं. हवा खेळती राहते, अंजिरं एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. डब्यातल्या चकचकीत अंजिरांपेक्षा मी अजून माळच आणते.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, जेरिकोजवळ गिल्गाल नावाच्या जागी, 11,400 वर्षांपूर्वीची जळून कोळसा झालेली नऊ छोटी अंजिरं सापडली. 2006 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. ती आपल्याआप धरणाऱ्या जातीची होती, ज्यांच्या बियांतून रोप येत नाही, म्हणून कुणीतरी मुद्दाम फांद्या तोडून मातीत खोवल्या असणार, गहू-बार्लीची शेती स्थिरावण्याच्याही आधी, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. मला ते वाचून वडील दिसले. पावसाळ्याच्या तोंडाशी, बोटभर जाडीचे छाटे करून, तिरका काप देऊन, दोन डोळे मातीत आणि दोन वर असे खोवणारे. त्या खोऱ्यातल्या माणसानंही असंच केलं असेल, आणि रात्री त्याच्या घरात कुणीतरी मान टाकलेलं अंजीर खाल्लं असेल.

आता एक तक्रार. दिवाळीत एका नात्यातल्या घरून मिठाईचा खोका आला. अंजीर रोल, वर मोठ्या अक्षरांत "शुगर फ्री". सासऱ्यांना मधुमेह. त्यांनी विश्वासानं संध्याकाळभरात पाच खाल्ले. दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर पाहून आम्ही घाबरलो. वरून साखर घातलेली नव्हती हे खरं. पण सुकं अंजीर स्वतःच निम्मं साखर आहे, शंभर ग्रॅमला 48 ग्रॅम. साखर न घातलेलं आणि साखर नसलेलं यांतला फरक खोक्यावर छापणाऱ्याला कळत नसेल असं मला वाटत नाही, आणि म्हणून त्याचा राग येतो. म्हातारी माणसं अक्षरांवर विश्वास ठेवतात. त्यानंतर सासऱ्यांच्या वाटीत तीनऐवजी एक अंजीर पडू लागलं, सोबत चार बदाम. तंतूंमुळे अंजिरातली साखर मिठाईइतकी चटकन रक्तात उतरत नाही, पण ती उतरतेच. पुढे त्यांची मूत्रपिंडं थकली आणि पोटॅशियम मोजायची वेळ आली, तेव्हा तेही एक अंजीर बंद झालं. ज्या पोटॅशियमचं एरवी रक्तदाबासाठी आपण कौतुक करतो, ते थकलेल्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. सासूबाईंनी त्यांच्या समोर माळ टांगणं सोडलं. खिळा तसाच राहिला.

त्या गेल्यानंतर मी तो खिळा काढलेला नाही.

सासूबाईंचं शेवटचं वर्ष 2019. घरातच पडून कमरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दुखणं दाबायला जी औषधं दिली त्यांनी पोट धरलं, अगदी माझं 1994 साली धरलं होतं तसं. मी रोज रात्री माळेतली तीन अंजिरं फाडून, उजेडात बघून, वाटीत घालायचे. पहाटे चमच्यानं कुस्करून भरवायचे. पाणी पाजायचे. त्या मुकाट्यानं घ्यायच्या. त्यांच्याच हाताचं औषध होतं ते, त्यांना त्याविषयी काही सांगायचं नव्हतं.

डिसेंबरात एका रात्री म्हणाल्या, "तुझ्याकडचं ओलं अंजीर आलं असेल ना आता."

खट्टा बहार सुरू होता. मी भावाला फोन केला. त्यानं पहाटे तोडलेली दोन डझन फळं पानांत गुंडाळून त्याच रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. सकाळी स्टेशनवरून ती पेटी घेतली तेव्हा तिच्या तळाला ओल आली होती. घरी येऊन उघडली. अकरा फळं धड होती.

त्यातलं सगळ्यात चांगलं धुऊन मी त्यांच्या हातात दिलं. थरथरत्या दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी ते मधोमध फाडलं आणि खिडकीकडे धरलं. सवयीनं. आतला गुलाबी गर, त्यात दाटलेल्या त्या बारीक फुलांच्या कण्या, उन्हात ओल्या चमकत होत्या. बघून झालं तशी त्यांनी अर्धं तोंडात घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ घोळवत राहिल्या. उरलेलं अर्धं मला दिलं.

"खट्टा बहार आहे," मी म्हटलं. "मीठा याहून गोड असतो, मार्चमध्ये."

"हाच पुरे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "रात्रीची भिजवलीस?"

"भिजवते."

"तीनच घाल."